गोळीचे विचारता, झोपेचेही विचारा

१ डिसेंबरला जागतिक एड्स दिन असतो आणि ६ डिसेंबरला परमपूज्य बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. या आठवड्यात घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या वस्त्यांत आरोग्य शिबिरांचे फलक लागतात. दादरला शिवाजी पार्कवर मंडप उभे राहतात. लांबून आलेल्या अनुयायांचा रक्तदाब मोजला जातो, साखर तपासली जाते, चालून चालून पायाला आलेल्या फोडांना मलमपट्टी होते. हे काम मोलाचे आहे आणि आमच्या अनेक परिचारिका भगिनी तिथे दिवस-रात्र राबतात. पण या मंडपांत एक प्रश्न सहसा कानावर येत नाही : रात्री झोप लागते का? मन कसे आहे?

एचआयव्हीसह जगणाऱ्या आपल्या बांधवांना आणि भगिनींना तर हा प्रश्न विचारायलाच हवा. त्यांची झोप उडण्याचे, भयंकर स्वप्ने पडण्याचे, मन खचण्याचे एक कारण त्यांच्या रोजच्या गोळीत असू शकते. ते त्यांना ठाऊक नसते, घरच्यांना ठाऊक नसते, आणि दवाखान्यात विचारायला कोणाला वेळ नसतो. मग माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. मनावर होणारा परिणाम हाही औषधाचाच परिणाम आहे. तो सांगणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि तो विचारणे हे दवाखान्याचे कर्तव्य आहे, एवढेच आम्हाला या पानावर मांडायचे आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट ठणकावून सांगतो. हा लेख वाचून कोणीही आपली गोळी बंद करू नये. गोळी मध्येच सोडली तर विषाणू पुन्हा वाढतो आणि त्या औषधाला दाद देईनासा होतो. त्रास होत असेल तर गोळी बदलता येते, वेळ बदलता येते, सोबत दुसरा उपचार देता येतो. पण हे सारे त्रास सांगितल्यावरच होते.

आपल्या देशात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. त्याआधी ही औषधे ज्याच्या खिशाला परवडतील त्यालाच मिळत. उपनगरांतली माणसे पहाटेची लोकल पकडून भायखळ्याला उतरत आणि रांगेत उभी राहत. पुढे केंद्रे वाढली. २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, तपासणीत एचआयव्ही आढळला की उपचार सुरू, असे धोरण आले. आज नियमाने गोळी घेणारा माणूस वर्षानुवर्षे कामधंदा करतो, मुलांना शिकवतो. रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शारीरिक संबंधातून तो जोडीदाराला लागतही नाही. एवढी ताकद या गोळीत आहे. ही ताकद आम्ही मान्य करतो, म्हणूनच तिच्या दुष्परिणामांवर बोलण्याचा आम्हाला अधिकार आहे.

सुरुवातीच्या काळात स्टॅव्हुडिन नावाचे औषध दिले जाई. त्याने विषाणू आटोक्यात येई, पण कित्येकांचे गाल बसत, हातापायांवरची चरबी झडून शिरा वर दिसू लागत, तळपायांची आग होई. चेहरा पाहून शेजारीपाजारी कुजबुजत. माणसे लग्नाकार्याला जाईनाशी झाली, फोटोत उभी राहीनाशी झाली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले, आणि नंतर आपल्याकडेही ते गेले. चरबी झडल्याची नोंद कागदावर झाली. लग्नाला न जाण्याची नोंद कुठेच झाली नाही.

त्यानंतर आले एफाविरेन्झ. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि एफाविरेन्झ या तिन्हींची मिळून एक गोळी, तिचे केंद्रावरचे नाव टीएलई. हजारो घरांत ती 'रात्रीची गोळी' म्हणूनच ओळखली जाई, कारण ती झोपताना घ्यायला सांगत. का, हे मात्र फार थोड्यांना समजावून सांगितले जाई. या औषधाचा मेंदूवर परिणाम होतो. चक्कर येणे, डोके जड होणे, लक्ष न लागणे, झोप न येणे किंवा अतिशय खरीखुरी वाटणारी स्वप्ने पडणे असा त्रास औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना सुरुवातीच्या दिवसांत होतो. बहुतेकांचा तो दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. काहींचा ओसरत नाही. थोड्या लोकांमध्ये खोल नैराश्य, संशय, भास आणि जीव देण्याचे विचार इथपर्यंत गोष्ट जाते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार चाचण्यांमधील ५ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. एफाविरेन्झ घेणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा प्रयत्न यांचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट दिसला. धोका एकूण कमीच होता, पण तो खरा होता.

काहींनाच जास्त त्रास का होतो, याचेही उत्तर आहे. हे औषध यकृतात मोडले जाते. ते किती वेगाने मोडायचे हे बऱ्याच अंशी माणसाच्या जन्मजात घडणीवर ठरते. कोणाचे शरीर ते भरभर मोडते, कोणाचे अगदी सावकाश. सावकाश मोडणाऱ्याच्या रक्तात तीच ६०० मिलिग्रॅमची मात्रा कितीतरी जास्त साठते. तेलकट जेवणानंतर गोळी घेतली तरी ती रक्तात जास्त उतरते. म्हणजे ज्या भगिनीला महिनाभर रोज रात्री आपली मुले पुरात वाहून जाताना दिसत होती, तिच्या यकृताचा वेग कमी असेल, किंवा सांजच्याला तळलेले खाऊन ती गोळी घेत असेल. यात तिच्या मनाचा दुबळेपणा कुठे आला?

पण वस्तीत हे प्रश्न असे विचारले जात नाहीत. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरातसुद्धा संकट आले की कोणी तरी हळूच म्हणतेच, 'बाहेरचे काही आहे का बघून घ्या.' रात्री दचकून ओरडणाऱ्या सुनेला बाधा झाली असे ठरते. गप्प गप्प राहणाऱ्या पोराला 'केलेल्या कर्माचा पश्चात्ताप होतोय' असे ऐकवले जाते. झोप येत नाही म्हणून कोणी क्वार्टरचा आधार घेतो. मग पाचवे शील मोडल्याचा बोल तर बसतोच, आणि दारूने नैराश्य आणखी वाढते. अंधेरीच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणारा माणूस 'रात्रीची गोळी' नेमकी केव्हा घेणार? पहाटे रिक्षा काढणाऱ्याचे डोके गरगरत असेल तर तो हँडल कसे सांभाळणार? हे प्रश्न आम्ही वस्तीत बसून ऐकले आहेत. केंद्रातल्या टेबलापर्यंत ते क्वचित पोहोचतात.

आता बहुतेकांची गोळी बदलली आहे. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डोल्युटेग्राविर असलेले उपचार सर्वांसाठी पहिली पसंती म्हणून सुचवले. आपल्या नॅकोच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही टीएलडी ही गोळी पहिल्या फळीत आली. तिच्यात एफाविरेन्झच्या जागी ५० मिलिग्रॅम डोल्युटेग्राविर असते. ती विषाणूला लवकर आवरते आणि मेंदूला त्रासही कमी देते. मग हा लेख आता कशासाठी, असे कोणी विचारेल. त्याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे की नवी गोळीही सगळ्यांना सोसतेच असे नाही. काहींची झोप तिनेही उडते, काहींना अस्वस्थ किंवा उदास वाटते. ज्यांना आधी नैराश्य येऊन गेले आहे त्यांनी जास्त जपायला हवे. अनेकांचे वजन वाढते आणि त्याचाही मनावर ताण येतो. झोपेचा त्रास असेल तर ही गोळी रात्रीऐवजी सकाळी घेता येते. किती साधा उपाय! पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो कळणार कसा? दुसरे कारण टीबीचे. एचआयव्ही असलेल्यांना टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिड दिले जाते. त्याने हातापायांना मुंग्या येतात आणि क्वचित मनही बिघडते, म्हणून सोबत बी-६ ची गोळी चुकवू नये. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी दिले जाणारे सायक्लोसेरिन तर मनावरील परिणामांसाठी कुप्रसिद्धच आहे. आपल्या वस्त्यांत एका घरात दोन्ही आजारांच्या गोळ्या असणे नवे नाही. आणि तिसरे कारण, जे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते : टीएलईच्या काळात ज्यांनी त्रास सहन न होऊन गुपचूप गोळी सोडली, त्यांच्यापैकी कितीजण अजूनही बाहेरच आहेत. केंद्राच्या यादीत अशा माणसापुढे 'एलएफयू' लिहितात, म्हणजे हा रुग्ण येईनासा झाला. त्या तीन अक्षरांत कारण मावत नाही. त्यांना कोणी तरी जाऊन सांगायला हवे की तुमची चूक नव्हती, आणि आता गोळी वेगळी आहे, परत या.

आमचे काही डॉक्टर मित्र म्हणतात, 'सिस्टर, दुष्परिणाम सांगत बसलो तर लोक घाबरून गोळी घेणारच नाहीत.' हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे देतो. ज्याला आधी सांगितलेले असते, की बाबा रे, पहिले काही आठवडे स्वप्ने पडतील, घाबरू नकोस, नाही थांबली तर ये, तो घाबरत नाही. तो वाट पाहतो आणि येतो. ज्याला सांगितलेले नसते, त्याला वाटते आपल्याला वेड लागत चालले आहे. तो कोणाला सांगत नाही, गोळी डब्यातच ठेवतो आणि मोजणीच्या दिवशी उरलेल्या गोळ्या गटारात टाकून मोकळी बाटली दाखवतो. लोक गोळी सोडतात ती माहितीमुळे कमी आणि एकटे पडल्यामुळे जास्त.

यामागे आणखी एक गोष्ट आहे आणि ती या मासिकात बोलायला हवी. औषध मोफत मिळते म्हणून आपली माणसे तोंड उघडत नाहीत. 'फुकट देतात तेच खूप झाले, वर तक्रार कशाला?' चार घरची धुणीभांडी करणारी मुलुंडची ताई एका दिवसाचा खाडा करून येते. तासन्तास रांगेत बसल्यावर टेबलापाशी मिळतात दोन मिनिटे. त्यात गोळ्या मोजल्या जातात, वजन होते, हिरव्या पुस्तिकेवर पुढची तारीख पडते. त्या दोन मिनिटांत 'मॅडम, मला जगावेसे वाटत नाही' हे वाक्य कसे बसवायचे? शिवाय आडनाव आणि वस्तीचे नाव सांगताच समोरच्याचा सूर बदलतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. पण मोफत औषध ही कोणाची मेहेरबानी नाही. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये औषधांचा तुटवडा पडला, तेव्हा एचआयव्हीसह जगणारी माणसे दिल्लीत नॅकोच्या कार्यालयापुढे आठवडेच्या आठवडे बसून राहिली. आमच्या गोळ्या कुठे आहेत, असे त्यांनी विचारले. गोळीचा हक्क मागता येतो, तर त्या गोळीने बिघडलेल्या झोपेचा हिशेबही मागता येतो.

शरीराबद्दल उघड प्रश्न विचारणे ही तर आपलीच परंपरा आहे. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना कर्व्यांनी उत्तरे दिली, हा त्यांचा गुन्हा. त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरला, पण आजारी माणसाला आपल्या शरीराबद्दल विचारण्याचा आणि शास्त्रीय उत्तर मिळवण्याचा अधिकार आहे, ही बाजू बाबासाहेबांनी घेतली हे विसरून चालणार नाही. ज्या समाजाचा पुढारी नव्वद वर्षांपूर्वी या प्रश्नांसाठी कोर्टात उभा राहिला, त्या समाजातल्या माणसाने आज एआरटी केंद्रात खाली मान घालून का बसावे?

धम्माच्या नावानेही कधीकधी चुकीचा सल्ला दिला जातो. संयुत्त निकायात वृद्ध नकुलपित्याची कथा येते. शरीर थकले तरी मन आजारी पडू देऊ नये, अशी शिकवण तथागतांनी त्याला दिली. ती शिकवण थोर आहे. पण गोळीमुळे ज्याची झोप गेली आहे त्याला ती ऐकवून 'मन घट्ट करा' म्हणणे म्हणजे मोडक्या पायाच्या माणसाला चालायला सांगण्यासारखे आहे. विनयपिटकातली दुसरी गोष्टही आठवावी. हगवणीने आजारी भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि जवळ कोणी नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले, आणि इतर भिक्खूंना जाब विचारला की याची काळजी तुम्ही का घेतली नाही. उपदेशाआधी पाणी आले, हे आम्हा परिचारिकांना फार मोलाचे वाटते. ध्यानाने मन शांत होते, यात शंका नाही. बोरिवलीजवळ गोराईच्या पॅगोड्यात आपले कितीतरी लोक जातात. पण ध्यान गोळीच्या जागी घेऊ नये, आणि दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जात आजार व औषधे यांची माहिती मागितलेली असते, ती लपवू नये.

मानसोपचार म्हटले की आपल्याकडे लोक दचकतात. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत भांडणात सहज म्हणतात, 'याला ठाण्याला भरती करा.' १९०१ पासूनचे ठाण्याचे मनोरुग्णालय आपल्या तोंडी शिवी होऊन बसले आहे. म्हणून मानसोपचाराची चिठ्ठी मिळाली की माणूस ती खिशात घालतो आणि घरी येतो. झोपेचा किंवा नैराश्याचा उपचार पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागातही होतो, त्यासाठी कोणाला कुठे भरती व्हावे लागत नाही, हे घरोघर सांगायला हवे.

आता काय करावे ते सांगतो.

गोळी घेणाऱ्यांनी आपली झोप, स्वप्ने आणि मनःस्थिती आठवड्यातून एकदा तरी वहीत लिहावी. गोळी केव्हा सुरू झाली किंवा बदलली, त्रास केव्हा सुरू झाला, हे दोन दिवस समोर असले की डॉक्टरांना कारण शोधणे सोपे जाते. प्रत्येक उदासी गोळीचीच असते असे नाही. पती गेल्याचे दुःख, नोकरी सुटणे, थायरॉइड, रक्त कमी असणे, खुद्द विषाणू, यांतले काहीही असू शकते. शोध घेणे डॉक्टरांचे काम, पण सुरुवात आपल्या सांगण्यापासून होते. डॉक्टरांपुढे धीर होत नसेल तर समुपदेशकाला सांगा.

घरच्यांनी तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे : माणूस एकदम अबोल झाला, जेवण-झोप सुटली, किंवा निरवानिरवीची भाषा करू लागला. अशा वेळी 'जीव द्यावासा वाटतो का?' असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट सांगायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७ हा क्रमांक आहे.

विहारांनी वर्षावासातला एक रविवार या विषयाला द्यावा. ग्रंथवाचनानंतर अर्धा तास पुरे. पण कोणाला आजार आहे हे कोणी विचारायचे नाही आणि कोणाचे नाव कोणी घ्यायचे नाही. महिला मंडळांनी आपल्या विभागातल्या रुग्णालयात मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी असतो, ते विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावे.

आणि एआरटी केंद्रांकडे व मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्थेकडे आमची मागणी आहे. दर भेटीत गोळ्या मोजता, तसे तीन प्रश्न विचारा : झोप लागते का? गेल्या दोन आठवड्यांत मन उदास किंवा निराश राहिले का? नेहमीच्या कामातला रस गेला का? याला एक मिनिट लागते. उत्तर 'हो' असेल तर ते व्हाइट कार्डावर लिहा आणि पुढची वाट दाखवा. गोळी बदलताना तिचा मनावर काय परिणाम होऊ शकतो ते मराठीत, साध्या शब्दांत सांगा. येईनासे झालेल्यांच्या घरी जाताना 'का सोडली?' असे दटावण्याऐवजी 'काय त्रास होत होता?' असे विचारा. समुपदेशकांची रिकामी पदे भरा, कारण एका समुपदेशकाच्या टेबलापुढे शंभर माणसे बसवून मन उलगडत नसते.

कायदा आपल्या बाजूने आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला एचआयव्ही-एड्स कायदा भेदभावाला बंदी घालतो आणि आपली माहिती गुप्त राखण्याचा हक्क देतो. त्याच वर्षी लागू झालेला मानसिक आरोग्य सेवा कायदा सरकारी मानसोपचार हा प्रत्येकाचा हक्क मानतो, आणि जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखाली असलेला माणूस मानतो.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, असे आपण प्रत्येक जयंतीला म्हणतो. आपल्या गोळीचे नाव, तिची मात्रा आणि तिचे परिणाम जाणून घेणे हेही शिकणेच आहे. पुढच्या तारखेला केंद्रात जाल तेव्हा रिकाम्या बाटलीबरोबर ती वहीही न्या आणि टेबलावर ठेवा. आणि शेजारी बसलेल्याला हळूच विचारा, 'दादा, झोप लागते का तुम्हाला?'

जयभीम! नमो बुद्धाय!